सहाशेव्या क्रमांकावरची टेनिस खेळाडू जगते कशी? सांगलीच्या एका वडिलांना उत्तर

सांगलीहून एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगी सतरा वर्षांची, अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या वीसमध्ये. बारावी झाली की तिला पूर्णवेळ व्यावसायिक टेनिस खेळायचं आहे. पाहुणे म्हणतात, टीव्हीवर कधी न दिसलेल्या अशा मुली ढिगानं असतात, त्यांचं पुढे काय होतं ते बघा. तिच्या सर्व्हिसचा वेग आणि फोरहँड यांबद्दलही त्यांनी लिहिलं आहे. घरात एक धाकटा मुलगा आहे. मिरज रस्त्याला एक प्लॉट आहे. तो विकून तिला खेळवावं का? आणि जगात पाचशे-सहाशेव्या क्रमांकावर असलेल्या मुलींचं चालतं तरी कसं?

मी नऊ वर्षं हे सर्किट, म्हणजे देशोदेशीच्या छोट्या स्पर्धांची साखळी, खेळले. एकेरीत माझा सर्वांत वरचा क्रमांक साडेपाचशेच्या जरा बाहेरचा. गेली आठ वर्षं पुण्यात शिकवते आणि वर्षातले पंधरा-सोळा आठवडे मुलींबरोबर स्पर्धांना जाते. हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी आई-वडील कोर्टाच्या जाळीशी उभे राहून विचारतात. तिथे घाईघाईत दोन वाक्यं बोलून मी निघते आणि मग रात्रभर ती वाक्यं मला खुपतात. म्हणून या वेळी सविस्तर लिहिते आहे.

आधी पाहुण्यांचं. जागतिक क्रमवारीत सहाशेवी असलेली भारतीय मुलगी देशात पहिल्या दहाच्या आसपास असते. इतर कुठल्याही क्षेत्रात देशात दहावी आलेल्या मुलीच्या घरी लोक पेढे मागायला येतात. तेव्हा 'तिचं काही झालं नाही' हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका, विशेषतः तिच्यासमोर. पण मान मिळणं वेगळं आणि पोट भरणं वेगळं. या क्रमांकावर मान मिळतो, पोट भरत नाही.

शिडी कशी असते ते बघा. सर्वांत खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा: डब्ल्यू १५, डब्ल्यू ३५, डब्ल्यू ५०, डब्ल्यू ७५, डब्ल्यू १००. त्यांच्या वर महिला टेनिस संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूटीएच्या १२५ दर्जाच्या स्पर्धा, मग तिचीच मोठी टूर. २०२४ पासून हा आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे गुण. डब्ल्यू १५ जिंकली तर १५ गुण, अंतिम फेरीत हरली तर १०, उपांत्य फेरीला ६, उपांत्यपूर्व फेरीला ३, आणि मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे पात्रता फेरीनंतरच्या मूळ स्पर्धेत, एक सामना जिंकून हरली तर १. पहिल्याच फेरीत हरली तर शून्य. क्रमवारीत नुसतं नाव यायलासुद्धा तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण लागतात, नाहीतर एकूण १० गुण. मिळालेला गुण ५२ आठवडे टिकतो आणि मग गळून पडतो. गेल्या वर्षी याच आठवड्यात उपांत्य फेरी गाठली असेल तर यंदा तिथे निदान तेवढं तरी करावं लागतं, नाहीतर घरी बसूनसुद्धा क्रमांक घसरतो. मुली याला 'गुण डिफेंड करणं' म्हणतात. ताप आलेला असताना, खांदा दुखत असताना पोरी विमानात का बसतात, त्याचं हेच कारण.

आता एक हिशेब करा, तो मी प्रत्येक पालकाला कागदावर करायला लावते. एकेरीत वर्षभरातल्या सर्वोत्तम १८ स्पर्धांचे गुण धरतात. समजा तुमच्या मुलीनं अठराच्या अठरा डब्ल्यू १५ स्पर्धा जिंकल्या, एकही सामना हरली नाही. असं होत नाही, पण समजा. गुण होतात २७०. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत थेट प्रवेश मिळायला साधारण २३० ते २५० दरम्यानचा क्रमांक लागतो आणि त्याला तीनशेच्या घरात गुण लागतात. म्हणजे खालच्या पायरीवर कितीही जिंकलं तरी तिथे राहून वर जाता येत नाही. वरच्या पायरीवर जाऊन हरायला लागतं, आणि ते हरणं परवडायला लागतं.

सगळी कारकीर्द या दोनशे चाळीसच्या रेषेभोवती फिरते. २०२५ मध्ये विम्बल्डनच्या पात्रता फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरलेल्या मुलीला साडेपंधरा हजार पौंड मिळाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तशाच हरलेलीला ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. एक सामना, एक हार. अशा चार स्पर्धा वर्षात असतात. २३५ वी असलेली मुलगी या चार हारांवर आपल्या वर्षाचा मोठा खर्च काढते. ३१० वी असलेली मुलगी त्याच आठवड्यात कुठेतरी डब्ल्यू ३५ खेळत असते, आणि तिथे मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरली तर हॉटेलच्या चार रात्रीसुद्धा निघत नाहीत. दोघींच्या खेळात फार फरक नसतो. मी दोघींच्या समोर उभी राहिले आहे, म्हणून सांगते.

आयटीएफनं २०१३ च्या आकड्यांवरून एक मोठा आढावा घेतला होता. त्यात प्रवास, राहणं, जेवण, गटिंग (रॅकेटला तार, म्हणजे गट, बसवणं), कपडे एवढाच खर्च धरला, प्रशिक्षकाचा एक पैसाही धरला नाही. तरी महिला खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ४० हजार डॉलरच्या वर गेला, आणि खर्च-उत्पन्नाची तोंडमिळवणी झाली ती २५३ व्या क्रमांकाला. त्यानंतर बक्षिसं थोडी वाढली, विमानाची तिकिटं त्याहून जास्त वाढली. माझ्या वहीतला हिशेब आजही त्याच जागी येऊन थांबतो.

वहीतलंच एक पान सांगते. माझ्याकडच्या एका मुलीनं ट्युनिशियात मोनास्तीरला सलग तीन आठवडे डब्ल्यू १५ खेळल्या. तिथे जवळजवळ वर्षभर दर आठवड्याला स्पर्धा असते, म्हणून एका तिकिटात तीन संधी मिळतात. जाऊन-येऊन विमान साधारण साठ हजार. हॉटेल जेवणासकट, खोली दुसरीबरोबर वाटून घेऊन, तेवीस दिवसांचे सव्वा लाखाच्या आसपास. प्रवेश फी दर स्पर्धेला ४० डॉलरच्या आसपास. गटिंग, विमा, पाणी, टॅक्सी मिळून आणखी वीस हजार. दोन लाखांच्या वर गेलं, तेही ती एकटी गेली म्हणून. खेळली चांगलं: पहिल्या आठवड्यात पहिल्या फेरीत हरली, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या, तिसऱ्यात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. हातात आले सत्तर हजारांच्याही आत आणि चार गुण. डब्ल्यू १५ ची विजेती सव्वादोन हजार डॉलरच्या आसपास मिळवते, पहिल्या फेरीत हरणारी दीडशेच्या. त्यातून त्या-त्या देशाचा कर कापला जातो. अमेरिकेत परदेशी खेळाडूचा तर सरळ ३० टक्के.

वर्षाला पंचवीस आठवडे, त्यातले निम्मे भारतात, असं धरलं तर मुलगी एकटी फिरली तरी पंधरा ते वीस लाख लागतात. प्रशिक्षक बरोबर नेला तर दुपटीला जवळ जातं. बक्षिसांतून पहिल्या दोन वर्षांत यातला पाचवा हिस्सा भरून निघाला तर मी त्याला उत्तम म्हणते.

या पैशानं फोरहँड विकत मिळत नाही. पैशानं आठवडे विकत मिळतात. या पातळीवरच्या बहुतेक मुलींची कारकीर्द खेळ कमी पडल्यामुळे संपत नाही, आठवडे संपल्यामुळे संपते. हे माझं ठाम मत आहे आणि त्यातून तुमच्या प्लॉटचं उत्तर निघतं, त्याकडे येतेच.

त्याआधी मुलीला तिचा आठवडा कसा असेल ते सांगा. स्पर्धेच्या सोमवारच्या अठरा दिवस आधीच्या गुरुवारी, आपल्या संध्याकाळी साडेसातला प्रवेश बंद होतात. तोवर कुणी कुठे नाव घातलं आहे याचा अंदाज बांधत बसायचं: बंगळुरूत कट, म्हणजे प्रवेश मिळणारा शेवटचा क्रमांक, किती जाईल, थायलंडला गेलं तर मेन ड्रॉ मिळेल का, की क्वालिफाइंगच, म्हणजे नुसती पात्रता फेरी. यादी लागते तेव्हा तुम्ही अल्टरनेट सातव्या, म्हणजे प्रतीक्षा यादीत सातव्या असता. मग रोज सकाळी उठून पहिलं काम, आपल्या वरचं कुणी नाव मागे घेतलं का ते बघणं. विमानाचं तिकीट आत्ता काढलं तर स्वस्त, पण प्रवेशच नाही मिळाला तर ते वाया. क्वालिफाइंगमध्ये तिसरा सेट पूर्ण खेळत नाहीत, दहा गुणांचा टायब्रेक असतो. दोन तास उत्तम खेळून शेवटच्या पाच मिनिटांत सगळं जाऊ शकतं. सोमवारी हरलात तर पुढचा सामना आठ दिवसांनी. मधले दिवस सरावाला कोर्ट मागायचं, मेन ड्रॉवाल्या मुलींनी घेऊन उरलेलं, भर दुपारचं. जोडीदार शोधायचा. खोलीत कपडे धुवायचे. प्रेक्षक कुणी नसतं. बॉल बॉइज सगळ्या कोर्टांना नसतात, आपला चेंडू आपणच आणायचा.

२०१३ मध्ये मी इजिप्तमध्ये शर्म अल शेखला खेळत होते. तेव्हा सर्वांत खालची स्पर्धा दहा हजार डॉलरची असायची. खर्च वाचवायला खोली एका रुमानियन मुलीबरोबर वाटून घेतली होती. मी छोट्या कुकरवर मेतकूट-भात करायची, ती त्यात तिच्याकडचं लोणचं घालून खायची. दुसऱ्या फेरीत आम्हा दोघींचीच गाठ पडली. आदल्या रात्री दिवा कुणी मालवायचा यावरसुद्धा आम्ही एकमेकींशी फार जपून बोललो. सकाळी एकाच टेबलावर नाश्ता केला, पावणेतीन तास खेळलो आणि तिसऱ्या सेटमध्ये ७-५ अशी मी हरले. संध्याकाळी खोलीत आले तर ती पलंगावर दोन तुटलेल्या रॅकेट मांडीवर घेऊन बसलेली. तिच्याकडे एकूण दोनच होत्या, दोन्हीची गट तुटली होती आणि गटिंग करणाऱ्याला द्यायला पैसे उरले नव्हते. माझ्याकडे तीन होत्या. पुढच्या सामन्यासाठी तिला मी एक दिली. त्या रॅकेटनं ती उपांत्य फेरीत गेली. मला त्या आठवड्याचे दोनशे डॉलरच्या आतच मिळाले. पण सर्किटवर कोण कुणाचं असतं असं कुणी विचारलं की मला ती मांडीवरची रॅकेट आठवते. या जगात एकटेपणा खूप आहे. पण माणुसकी नाही असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

गटिंगचंच पुढे सांगते, कारण पालक इथे चुकतात. पॉलीची, म्हणजे पॉलिएस्टरच्या तारेची २०० मीटरची रीळ एकदाच घ्या. एका रॅकेटला अकरा-बारा मीटर लागतात, म्हणजे सोळा-सतरा रॅकेट होतात. मुलीला स्वतः गटिंग करायला शिकवा. पुण्यात जुनं हाताचं मशीन मिळतं. परदेशात एका रॅकेटच्या गटिंगला जेवढे घेतात तेवढ्यात इथे दोन-तीन होतात. माझ्या दोन मुली आता स्पर्धेत इतरांच्या रॅकेट गट करून जेवणाचा खर्च काढतात.

आणि जेवण. पैसे कमी पडले की मुली पहिली काटकसर जेवणात करतात आणि घरी सांगत नाहीत. फोनवर 'जेवले' एवढंच सांगतात. मी स्वतः तेच केलं. पाळी चार महिने चुकली, मला वाटलं प्रवासानं झालं असेल. मग पायाच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं आणि सात महिने गेले. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं की दोन्हीचं मूळ एकच होतं: खर्च होते तेवढी ऊर्जा ताटातून येतच नव्हती. तुमच्या मुलीला पाळीबद्दल घरात मोकळेपणानं बोलता येऊ द्या, वडिलांशीसुद्धा. वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि लोह तपासा. ताकदीसाठी कुणी दिलेलं चूर्ण किंवा बिनलेबलचं प्रोटीन घेऊ देऊ नका. त्यात काय आहे हे सिद्ध करायची जबाबदारी शेवटी खेळाडूवरच येते.

सुरक्षिततेबद्दल मी कडक आहे. पैसे वाचवायला अल्पवयीन मुलीला पुरुष प्रशिक्षकाबरोबर एका खोलीत ठेवणारे पालक मी पाहिले आहेत. माणूस कितीही ओळखीचा असो, हे करू नका. दोन-तीन मुलींचे पालक मिळून एक महिला प्रशिक्षक किंवा एखादी आई पाठवा, खर्च वाटून जातो. माझ्या काळी एका प्रशिक्षकाबद्दल आम्ही मुली आपापसांत कुजबुजायचो, मोठ्यांना कुणी सांगितलं नाही. त्याचं ओझं मला आजही आहे.

सट्ट्याबद्दल तिला तुम्हीच आधी सांगा, तिला बाहेरून कळायच्या आत. या सर्वांत लहान स्पर्धांतल्या सामन्यांचासुद्धा स्कोअर जगभर थेट जातो आणि त्यावर पैसे लागतात. २०१८ मध्ये टेनिसमधल्या सचोटीचा आढावा घेणाऱ्या स्वतंत्र समितीनं हीच दुखरी जागा दाखवली होती: कमी पैसे मिळवणारे खेळाडू आणि त्यांच्या सामन्यांवरचा सट्टा. आज तिला इन्स्टाग्रामवर निरोप येईल, 'पहिला सेट सोड, तीन हजार डॉलर'. तिच्या तीन आठवड्यांच्या खर्चाहून जास्त. नाही म्हणून भागत नाही, इंटरनॅशनल टेनिस इंटेग्रिटी एजन्सीला, म्हणजे टेनिसमधले गैरप्रकार तपासणाऱ्या संस्थेला, कळवावं लागतं. न कळवणं हासुद्धा नियमानं गुन्हा आहे. आणि हरल्यावर शिव्यांचे निरोप येतील, आईवरून, जातीवरून, रंगावरून. डब्ल्यूटीए आणि आयटीएफनं मिळून २०२४ च्या सोशल मीडियाची छाननी केली, तर ४५८ खेळाडूंना उद्देशून आठ हजारांच्या आसपास शिवराळ मजकूर सापडला आणि त्यातला ४० टक्के हरलेल्या सट्टेबाजांचा होता. माझ्याकडच्या मुलींना मी सामन्याच्या दिवशी फोन माझ्याकडे द्यायला सांगते. पहिला तास सर्वांत वाईट असतो.

आता उदाहरणं, कारण पालकांच्या मनात सानिया मिर्झा असते. ती २००७ मध्ये एकेरीत २७ व्या क्रमांकापर्यंत गेली. ते शिखर झालं. तुम्ही त्याऐवजी अंकिता रैनाची कारकीर्द डोळ्यांपुढे ठेवा. अहमदाबादची मुलगी, २००७ मध्ये पुण्यात हेमंत बेंद्रे सरांकडे आली. तिचा एकेरीतला सर्वोत्तम क्रमांक १६०, तोही मार्च २०२० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य. २०१९ मध्ये चीनमध्ये तिनं सामंथा स्टोसरला हरवलं, जी अमेरिकन ओपन जिंकलेली होती. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रतेत ती शेवटच्या फेरीत हरली आणि कुणी माघार घेतली तर जागा मिळावी म्हणून थांबून राहिली. एवढं करून तिला ग्रँड स्लॅमच्या एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये खेळायला मिळालं नाही. त्याच ऑस्ट्रेलियात दुहेरीत मात्र ती मुख्य ड्रॉ खेळली आणि त्याच महिन्यात दुहेरीचं डब्ल्यूटीए विजेतेपदही मिळवलं. ही कारकीर्द अपयशी म्हणणाऱ्या माणसाला टेनिस कळत नाही. पण बघा, सगळं चांगलं जमलेल्या मुलीला इथवर यायला तेरा वर्षं लागली.

लगेच कुणीतरी फ्रान्सच्या लोइस ब्वासाँचं नाव काढेल. २०२५ मध्ये ३६१ वी असताना वाइल्ड कार्डवर, म्हणजे क्रमांक न बघता आयोजकांनी दिलेल्या जागेवर, फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत गेली, पेगुला आणि आंद्रेएवा या पहिल्या दहातल्या दोघींना हरवून. खरं आहे. पण ३६१ हा तिचा खरा क्रमांक नव्हता. २०२४ मध्ये ती १५२ वी होती, मग गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि घरी बसावं लागलं. शिवाय तिच्या देशाच्या हातात ग्रँड स्लॅमची वाइल्ड कार्डं आहेत. आपल्याकडे मुंबईच्या सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) डब्ल्यूटीए १२५ होते, तिथली वाइल्ड कार्डं हीच आपल्या मुलींची खिडकी. २०२५ मध्ये त्याच स्पर्धेत पंधरा वर्षांची माया राजेश्वरन उपांत्य फेरीत गेली. खिडकी लहान आहे, पण उघडते.

दुहेरीला कमी लेखू नका. माझ्या पिढीतल्या एकेरीच्या मुली दुहेरी म्हणजे उरलेला वेळ असं समजायच्या. मीसुद्धा. आज ती माझी मोठी चूक वाटते. बार्शीची प्रार्थना ठोंबरे सानियाबरोबर २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य घेऊन आली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिक खेळली. बार्शीहून ऑलिंपिक! श्रीरामपूरची ऋतुजा भोसले एकेरीत पहिल्या दोनशेत कधी नव्हती. पण २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ गेल्यावर तिनं ज्या धीरानं सामना फिरवला, ते सुवर्णपदक कुणी काढून घेऊ शकत नाही. तुमच्या मुलीची नेटवरची व्हॉली कशी आहे? तुमच्या प्रश्नात सर्व्हिसचा वेग आहे, फोरहँड आहे, व्हॉलीचा उल्लेखच नाही. आठवड्यातले दोन दिवस फक्त दुहेरी खेळवा.

ऋतुजाचीच दुसरी गोष्ट तुमच्या जास्त कामाची. ती अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठात खेळून, शिकून परत आली. तिथल्या मोठ्या विद्यापीठांत महिला टेनिसला शिष्यवृत्ती असते, आणि कोर्ट, प्रशिक्षक, फिजिओ, जेवण, सामने सगळं त्यात येतं. तुमच्या पंधरा-वीस लाखांचं काम तिथे विद्यापीठ करतं. पूर्वी म्हणायचे, कॉलेजात गेली म्हणजे संपली. डॅनिएल कॉलिन्स आणि एमा नवारो दोघी व्हर्जिनिया विद्यापीठातून आल्या. कॉलिन्स २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत खेळली, नवारो २०२४ मध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत. पुण्याची वैष्णवी आडकर २०२५ मध्ये जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य घेऊन आली. शिक्षण सोडणं हा त्यागाचा पुरावा नाही. आजपासून तिच्या बक्षिसाच्या आणि खर्चाच्या प्रत्येक पावतीची फाइल ठेवा, तिकडच्या पात्रतेसाठी ती विचारतात आणि नियम सध्या बदलत आहेत.

नियम तर इकडेही बदलतात. २०१९ मध्ये १५ हजार डॉलरच्या स्पर्धांना डब्ल्यूटीएचे गुण देणंच बंद केलं होतं. क्रमवारीतून शेकडो नावं एका रात्रीत गेली. ऑगस्टपासून ते गुण परत सुरू झाले. तोवर माझ्याकडच्या एका मुलीनं रॅकेट ठेवून बँकेच्या परीक्षेचे अर्ज भरले होते. ती चांगली नोकरी करते, सुखात आहे. तिचा बॅकहँड मात्र मी शिकवलेल्यांत सर्वांत सुंदर होता.

तर प्लॉट. आत्ता विकू नका. तीन वर्षांचा करार स्वतःशी आणि मुलीशी करा, आकडा लिहून: एवढे रुपये, एवढे आठवडे. पहिलं वर्ष भारतातल्या आणि एका परदेशी फेरीतल्या स्पर्धा. राज्य संघटना आपल्या भागात स्पर्धा भरवते, तिथे राहणं-जेवण जवळजवळ घरचं. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती, तेल कंपन्यांसारख्या सार्वजनिक उपक्रमांचे खेळाडूंसाठीचे मानधन, गावातला एखादा कारखानदार, सगळीकडे अर्ज करा आणि अर्ज मुलीला स्वतः लिहू द्या. अमेरिकेच्या विद्यापीठांना व्हिडिओ आजच पाठवायला घ्या, तो दरवाजा वयानं बंद होतो. दोन वर्षांनी क्रमांक बघू नका. हे बघा: वाइल्ड कार्डाशिवाय डब्ल्यू ३५ च्या क्वालिफाइंगमधून ती मुख्य ड्रॉमध्ये येते का, आणि तीनशेच्या आतल्या मुलीकडून हरताना सेट घेते का. घेत असेल तर तिसऱ्या वर्षी प्लॉटचा विचार करा, तोही निम्म्या भागाचा. घरात धाकटा मुलगा आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याचाही त्या जमिनीत वाटा आहे आणि मुलीला तो वाटा खेळताना जाणवेल. ब्रेक पॉइंटला बापाचा प्लॉट आठवणाऱ्या मुलीचा हात आखडतो. माझ्या वडिलांनी दुकानावर कर्ज काढलं होतं. मला प्रत्येक टायब्रेकला त्या दुकानाचं शटर दिसायचं.

एक काम मात्र लगेच करा. पुण्यात, सोलापुरात किंवा नवी मुंबईत महिलांची आयटीएफ स्पर्धा लागली की तिला घेऊन या. अंतिम सामन्याला नको. क्वालिफाइंगच्या पहिल्या दिवशी, सकाळी नऊला, सगळ्यांत मागच्या कोर्टावर. तिथे सातशे-आठशेव्या क्रमांकाच्या दोन मुली खेळत असतील, स्वतः चेंडू आणत, कधी ओळीवरून वाद घालत, बाहेर कुणी टाळ्या वाजवत नसताना. तुम्ही चहाच्या निमित्तानं लांब जा. दोन तासांनी परत या आणि ती अजून जाळीला नाक लावून उभी आहे का, एवढं बघून मला कळवा.